चौथ्या होलवरचा बॉल

माझा धाकटा भाऊ गोल्फ खेळतो आणि त्यावरच पोट भरतो, हे आमच्या नात्यात अजून बऱ्याच जणांना नीट समजलेलं नाही. शेवगावकडचे मामा भेटले की विचारतात, "व्हय रे, त्यो आजून काठीनं गोट्याच मारीत फिरतो का?" त्यावर आई ठसक्यात म्हणते, "फिरतो की. इमानात बसून जातो मारायला. तुमी कंदी बसला का इमानात?"

मी अशा वेळी हसतो आणि गप्प राहतो. गप्प राहणं मला जमतं. घरात, कंपनीत, चर्चच्या मंडळीत सगळीकडे माझी ओळख तीच आहे. कमी बोलतो, पण बोलला तर खरं बोलतो. यातला पहिला भाग बरोबर आहे.

गेल्या डिसेंबरात भावाच्या हातातून एक मोठी स्पर्धा गेली आणि तिच्याबरोबर त्याचं पुढचं वर्षही गेलं. ते माझ्या खरेपणामुळे गेलं असं लोक मानतात. भाऊही तसंच मानत होता. तसं नव्हतं. कसं होतं ते आता लिहून काढतोय.

आम्ही दोघं भिंगारच्या बाजूला वाढलो. लष्कराच्या हद्दीत गोल्फचं एक मैदान होतं, वडील तिथं माळीकाम करायचे, आणि शाळा सुटली की आम्ही दोघं साहेबांच्या बॅगा उचलायला जायचो. खेळणाऱ्याची बॅग घेऊन त्याच्याबरोबर चालतो त्याला कॅडी म्हणतात. नगरची जमीन ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, पावसाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर मैदान म्हणजे मुरूम, कुसळं आणि मधूनच एखादा हिरवा तुकडा. मुरमावरून बॉल मारला की काठीचं पातं घासतं आणि मनगटाला झिणझिण्या येतात. म्हणून तिथं एक सूट होती. बॉल उघड्या जमिनीवर पडला तर तो उचलायचा आणि वीतभर अंतरातलं बरं गवत बघून त्यावर ठेवायचा. सूट खेळणाऱ्याला होती, पण साहेब लोक कशाला वाकतात? ते गप्पा मारत सावकाश यायचे, तोवर कॅडीनं बॉल नीट लावून ठेवलेला असायचा. ज्याच्या साहेबाला आपला बॉल कधी मुरमावर दिसलाच नाही, तो चांगला कॅडी. मी फार चांगला कॅडी होतो.

खेळायचोही. आठवड्यातून एक दिवस मैदान बंद असे, तेव्हा आम्हाला मुभा होती. मी भावापेक्षा चांगला खेळायचो. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. मी अठराचा, तो बाराचा, तुलना काय करायची, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. त्या वर्षी एका साहेबांची बदली झाली. जाताना आपल्या जुन्या काठ्या आणि बॅग ते वडिलांना देऊन गेले. "पोरांपैकी एकाला खेळू दे," म्हणाले. त्याच आठवड्यात मला नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं. वडिलांचा दमा वाढलेला. त्यांनी बॅग भिंतीला टेकवून ठेवली आणि माझ्याकडे बघत बसले. मीच म्हणालो, "त्याला द्या. मला कुठं वेळ आहे."

आई शेजारणीला सांगत होती, "थोरला लई समजूतदार हाय माझा." मी ऐकलं. बरं वाटलं. त्या बरं वाटण्यावर मी पुढची अठ्ठावीस वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

मी लेथवर उभा राहिलो. भाऊ आधी पुण्याला कॅडी म्हणून गेला, मग खेळायला लागला, मग व्यावसायिक झाला. देशभर वर्षभर स्पर्धा चालतात. वर्षाअखेरी यादी लागते. यादीत ठरावीक नंबरापर्यंत जे असतात त्यांना पुढच्या वर्षी खेळायचा हक्क राहतो, त्याला ते 'कार्ड' म्हणतात. उरलेल्यांना पुन्हा पात्रता फेरीतून पोरासोरांबरोबर झगडून वर यावं लागतं. भावानं चाळिशी गाठली होती आणि गेल्या वर्षी तो यादीत अगदी काठावर होता. डिसेंबरात कलकत्त्याला वर्षातली शेवटची मोठी स्पर्धा होती. चार दिवसांची. पहिल्या दोन दिवसांनंतर निम्म्याहून जास्त खेळाडूंना घरी पाठवतात, म्हणजे 'कट' लावतात. कटमधून आत गेला असता तर त्याचं कार्ड राहत होतं.

त्याच्या नेहमीच्या कॅडीला कावीळ झाली. फोन आला.

"दादा, येतो का?"

"मी? मला काय येतंय आता?"

"बॅग उचलता येते ना? वारा कळतो ना? लहानपणी तूच सांगायचास. चल की."

मी बारा वर्षांत कंपनीत सलग आठ दिवस सुट्टी घेतली नव्हती. सुपरवायझर म्हणाला, "कलकत्ता? तुमचं कोण हाय तिकडं?" मी म्हटलं, भावाची मॅच आहे. तो म्हणाला, "क्रिकेट का?" मी म्हटलं, हो.

नगरवरूनच हावड्याची गाडी मिळते. दीड दिवसाचा प्रवास. भाऊ विमानानं गेला असता, पण माझ्यासाठी गाडीनं आला. बायकोनं नाताळाच्या करंज्या आधीच करून दिल्या होत्या. त्यातल्या निम्म्या त्यानं मनमाडच्या आत संपवल्या आणि वरच्या बर्थवर जाऊन झोपला. मी खिडकीशी बसून त्यानं दिलेली वही वाचत होतो. कुठल्या झाडापासून किती यार्ड, कुठल्या बंकरपासून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापासून, किती.

आमच्याकडे नाताळ म्हणजे चर्चवर तारा, घराघरांत फराळ आणि पहाटे गात फिरणारी तरुण मंडळी. कलकत्त्यात ज्यांचा या सणाशी काही संबंध नाही तेही लाल टोप्या घालून रस्त्यावर उतरलेले. बुधवारी संध्याकाळी भाऊ मला पार्क स्ट्रीट दाखवायला घेऊन गेला. डोक्यावर दिव्यांचं छतच होतं. पिवळ्या टॅक्स्या, केकच्या दुकानापुढे रांगा, पिपाण्या वाजवणारी पोरं, आणि गर्दी अशी की पाय उचलला तर परत टेकवायला जागा मिळेल की नाही. मातीच्या कपातला चहा पीत भाऊ म्हणाला, "आईला आणायला पाहिजे होतं." मग जरा थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी आणू. कार्ड राहिलं तर."

लॉजवर येईपर्यंत बोटं मोडत होता.

ते मैदान बघून मला पहिल्या दिवशी चालायचीच भीती वाटली. इतकं हिरवं मी कधी पायाखाली घेतलं नव्हतं. भिंतीपलीकडे शहराचे हॉर्न, ट्रामची घंटा, आणि आत हजार माणसं उभी असून एका माणसाचा श्वास ऐकू यावा अशी शांतता. गर्दीला गप्प करायला हातात पाट्या घेतलेले स्वयंसेवक होते. छत्र्या घेतलेल्या बायका, टोपीवाले म्हातारे, सगळे पाटी वर झाली की जागच्या जागी थांबायचे.

गुरुवारी, पहिल्या दिवशी, भाऊ दोन फटके जास्त खेळला. मैदानावर अठरा होल असतात, प्रत्येकाचे फटके ठरलेले असतात, त्यांच्या बेरजेवर दोन. फार वाईट नव्हतं. बोर्डाजवळ लोक म्हणत होते की कट तीनवर लागेल. म्हणजे दोन दिवस मिळून तीन जास्त असलेला आत, चार जास्त असलेला बाहेर. शुक्रवारी भावानं ठरलेल्या फटक्यांत खेळ संपवला की झालं.

शुक्रवारी सकाळी त्याच्याबरोबर दोघे होते. एक चंदीगडकडचा पोरगा, तो कुणाशी बोललाच नाही. दुसरा पन्नाशीचा बंगाली खेळाडू, त्याच शहरातला, पोटावर पट्टा खाली सरकलेला, सगळ्यांशी गप्पा मारणारा. गोल्फमध्ये फटक्यांच्या नोंदीचंही एक कार्ड असतं, आपलं ते आपण लिहीत नाही, दुसऱ्यानं लिहायचं असतं. भावाचे फटके हा बंगाली लिहीत होता. मलाही तो 'दादा'च म्हणायचा. तिकडे सगळे एकमेकांना दादा म्हणतात. "दादा, आपका भाई आज गुस्से में है. अच्छा खेलेगा," असं पहिल्याच होलला तो माझ्या कानाशी म्हणाला.

चौथ्या होलला भावाचा पहिला फटका डावीकडे गेला. गर्द झाडांची रांग होती, तिच्या कडेला. भाऊ मधल्या उंचवट्यावर चढून पुढचं निशाण बघायला गेला. बंगाली आणि तो पोरगा उजवीकडे आपापल्या बॉलकडे. मी बॅग घेऊन झाडांकडे चाललो.

बॉल मला लगेच दिसला. झाडाच्या सावलीत गवत विरळ होतं, लाल-काळी माती उघडी पडली होती, आणि बॉल बरोबर त्या मातीतल्या एका खळग्यात. वीतभर पलीकडे चांगलं गवत. मी बॅग खाली ठेवली, वाकलो, दोन बोटांनी बॉल उचलला आणि गवतावर ठेवला.

मी विचार केला नाही. चहात साखर टाकून माणूस चमचा फिरवतो, त्यात काय विचार करतो? उचलला, ठेवला, आणि उभा राहता राहता आठवलं.

ही नगरची सूट इथं नव्हती. बुधवारी भावानंच सांगितलं होतं, "इथं बॉल पडला तिथूनच मारायचा, दादा. हात लावायचा नाही." कॅडीनं बॉल उचलला तर खेळणाऱ्याला एक फटका दंड आणि बॉल परत जागेवर. परत न ठेवता तिथूनच मारला, तर दोन फटके.

आता नेमकं सांगतो, कारण सगळं यातच आहे. त्या क्षणी मला दंड माहीत होता. एक की दोन, तेही माहीत होतं. भाऊ उंचवट्यावरून खाली येत होता, वीस-पंचवीस पावलांवर. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं. मी नुसतं "थांब" म्हणालो असतो तर एकच फटका गेला असता.

"किती आहे रे?" त्यानं लांबूनच विचारलं.

"एकशे अठ्ठावन्न," मी म्हणालो.

"गवतावर आहे? नशीब." त्यानं काठी काढली, दोनदा हवेत फिरवली आणि मारला. बॉल निशाणाजवळ चार हातांवर जाऊन थांबला. पलीकडे टाळ्या पडल्या. त्यानं काठी माझ्याकडे टाकली आणि डोळा मारला, लहानपणी मारायचा तसा.

मी का बोललो नाही? भीतीनं. त्याच्याकडून ओरडा खाण्याची भीती नव्हती. आपण एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या ठिकाणी येऊन दुसऱ्याच दिवशी गावंढळासारखं केलं, हे त्याच्या तोंडावर मला वाचायचं नव्हतं. एवढंच होतं. मोठं काही नव्हतं.

पुढचे तेरा होल मी कसे चाललो ते मला सलग आठवत नाही. पाठीवरचा घाम आठवतो. बंगाली दर होलनंतर खिशातून कार्ड काढून लिहायचा आणि मला त्याच्या पेन्सिलीचा आवाज ऐकू यायचा, जो खरं तर ऐकू येणं शक्य नव्हतं. चौथ्याच्या चौकटीत त्यानं चार लिहिले होते. तिथं सहा हवे होते. हे त्या मैदानावर मला एकट्याला माहीत होतं. दर होलला मी ठरवायचो, आता सांगू. मग भाऊ चांगला मारायचा आणि मला वाटायचं, आता कसं सांगू. एकदा त्याचा फटका चुकला आणि मला वाटलं, बरं झालं, आता तसाही तो बाहेर जाईल, सांगायची गरज नाही. असं मला वाटलं. सख्ख्या भावाबद्दल.

सतराव्या होलला आलो तेव्हा तो बरोबर ठरलेल्या फटक्यांत होता. दोन दिवस मिळून दोन जास्त. आत.

सतरावा होल छोटा. समोर तळं, पलीकडे ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं कापलेलं गवत, भोवती दाट गर्दी. सगळ्या पाट्या वर.

"सहा का सात?" त्यानं काठीचा नंबर विचारला; नंबर मोठा तसा बॉल कमी लांब जातो.

मी झाडांचे शेंडे बघितले. "सात. वारा पडलाय."

त्यानं सात घेतली. बॉल हवेत असतानाच झाडं हलली. तळं ओलांडलं, पण ग्रीनच्या अलीकडे बंकरच्या वाळूत रुतला. गर्दीनं "ओह" केलं. भाऊ एक क्षण खाली बघत राहिला. मग हसला, बंगाल्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मेरा भाई है. फॅक्टरी में नट-बोल्ट बनाता है. इसको हवा क्या मालूम? बॅग उठाने लाया था, वही ठीक था."

लोक हसले. पाटीवाला स्वयंसेवक हसला. बंगाल्याचा कॅडी, जो माझ्याच वयाचा होता, तोही हसला. बंगाली तेवढा हसला नाही.

बंकरमधून भावानं सुरेख बाहेर काढला आणि होल वाचवला. एकही फटका जास्त गेला नाही. त्याच्या डोक्यातून तो विषय तिथंच संपला. अठराव्याला त्यानं ग्रीनवरून लांबचा बॉल होलमध्ये घालून ठरलेल्या फटक्यांतच खेळ संपवला, बॉल गर्दीतल्या एका पोरीकडे फेकला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून मला जवळ ओढलं. "दादा, झालं बघ. आत आहे आपण. आईला फोन लाव."

खांद्यावर त्याचा हात होता आणि माझ्या कानात लोक हसत होते.

खेळ संपला की एका तंबूत जाऊन कार्ड तपासायचं आणि सही करायची असते. टेबलामागे नियम बघणाऱ्या एक बाई होत्या, चष्मा साखळीला बांधलेला. कॅडींना आत थांबायचं काम नव्हतं, पण बॅग घेऊन मी दाराशी उभा होतो. बंगाली आकडे वाचत होता आणि भाऊ मान हलवत होता. "एक, चार. दोन, तीन. तीन, पाँच. चार, चार..."

"मॅडम," मी म्हणालो.

सगळ्यांनी मान वर केली.

मोडक्या हिंदीत मी सांगितलं. चौथ्या होलला मी बॉल उचलून दुसरीकडे ठेवला. भावाला माहीत नव्हतं. आमच्या गावच्या मैदानावर तसं करतात.

बाईंनी चष्मा लावला. "आपको कब पता चला कि ये गलत है?"

"अभी," मी म्हणालो. "अभी याद आया, मॅडम. वो चार सुना, तब."

माझं खरेपण म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं हे वाक्य आहे, आणि ते धडधडीत खोटं होतं. बाईंनी भावाकडे बघितलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं मला काही विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं. बंगाल्यानं चाराचे सहा केले. भावानं सही केली. बाहेर आल्यावर बंगाल्यानं माझे दोन्ही हात धरले. "दादा, बहुत हिम्मत का काम किया. हमारे यहाँ भी कोई नहीं बोलता." त्याचे डोळे भरले होते. मला त्याच्या हातातून हात सोडवून घ्यावेसे वाटत होते.

मला हिशोब माहीत होता. दोन अधिक दोन, चार. कट तीनवर. तंबूत शिरताना माहीत होता. खरं बोललं पाहिजे म्हणून बोललो, असं मी म्हणू शकतो, आणि तेही खोटं ठरणार नाही. पण दाराशी उभा असताना माझ्या मनात आधी काय आलं, ते मला ठाऊक आहे. मनात आलं, आता हस.

संध्याकाळी कट लागला. तीनवरच.

आम्ही दोघं त्या दिव्यांच्या रस्त्यानं चालत होतो. पिपाण्या, टोप्या, केक, सगळं तसंच. भाऊ म्हणाला, "बरं केलंस, दादा. मी तसं कार्ड घेऊन फिरलो असतो आणि नंतर कळलं असतं तर मला झोप लागली नसती." मग म्हणाला, "तुला तेव्हाच माहीत असतं तर दिवसभर किती त्रास झाला असता तुला."

मी म्हटलं, "काय खायचं?"

नव्या वर्षाच्या उपासनेत आमच्याकडे साक्षी होतात. सरत्या वर्षात देवानं आपल्याला कसं सांभाळलं, ते ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं. भाऊ सहसा बोलत नाही. त्या दिवशी उठला. कार्ड गेलं ते त्यानं सांगितलं, पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागणार ते सांगितलं. आणि म्हणाला, "पण मला देवानं जो दादा दिलाय ना, तसा कुणाला नसंल. सगळी दुनिया टाळ्या वाजवत होती तवा त्यो एकटा खरं बोलला." मंडळी "आमेन" म्हणाली. आई पदरानं डोळे पुसत होती. मी पायांकडे बघत बसलो. लोकांना तो विनय वाटला. बाहेर पडताना पाळकसाहेबांनी माझा हात बराच वेळ हातात ठेवला.

दुपारी मी भावाला पुण्याच्या एसटीला सोडायला गेलो. मोसमात स्पर्धा नसली की तो पुण्यात शिकवतो. स्टँडवर गाडीला वीस मिनिटं होती.

"तू साक्षीत म्हणालास ते तसं नाही," मी म्हणालो.

"बास की दादा. एवढं लाजतोस कशाला?"

"मला चौथ्यालाच माहीत होतं."

तो हसत होता, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. "म्हंजी?"

"बॉल उचलला तेव्हाच. तू खाली येत होतास. मी बोललो नाही."

तो मनात हिशोब करतोय ते मला दिसत होतं, कारण मीही तो कित्येकदा केला होता.

"मी मारायच्या आधी," तो म्हणाला.

"हो."

"मग एक. एकच लागला असता." त्यानं बोट वर केलं, लहान पोरगा आकडा दाखवतो तसं. "तीनवर राहिलो असतो मी. आत होतो, दादा."

"हो."

"आणि तंबूत? दोन लागून मी बाहेर जाणार, ते ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. सतराव्याला तू जे बोललास ते डोक्यात होतं माझ्या."

"काय बोललो मी?"

त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. मला ते वाक्य त्याला म्हणून दाखवावं लागलं, हिंदीत, शब्दन् शब्द. भर स्टँडवर, पॉपकॉर्नवाला शेजारी उभा असताना. म्हणून दाखवताना ते किती छोटं वाटलं.

"आसंल बोललो," तो म्हणाला. "वाळूत गेला की माणूस काहीबी बोलतो. त्यासाठी?"

"फक्त त्यासाठी नाही. ती काठ्यांची बॅग... मी आपण होऊन दिली होती तुला. पण मनापासून दिली नव्हती."

"आट्ठावीस वर्सं झाली त्याला!"

"हो."

आजूबाजूची माणसं बघायला लागली तेव्हा त्यानं आवाज खाली घेतला. "आन मला आज मंडळीत उभं केलंस."

"मी नाही उभं केलं."

"बसवलं बी न्हाईस."

गाडी लागली. त्याची बॅग मी उचलायला गेलो, तर त्यानं ती माझ्या हाताखालून ओढून घेतली आणि चढला. खिडकीशी बसला तो दुसऱ्या बाजूच्या.

पाच आठवडे त्याचा फोन नव्हता. आई विचारायची, "त्येचं काय बिनसलंय का?" बायकोला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईंना मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगा." आईला सांगायला मला आणखी दोन आठवडे लागले. त्या दिवशी तिनं मला वाढलं नाही, बायकोला वाढायला सांगितलं. पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, मंडळीपुढे उभे राहा. मी म्हटलं, उभं राहिलो तर मी पुन्हा काहीतरी बरं दिसेल असंच बोलेन, मला माझी खात्री नाही. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, मग लिहा, एकट्यानं बसून लिहा. म्हणून हे.

परवा, मी कंपनीतून येऊन हातपाय धूत होतो, तेव्हा फोन वाजला.

"पात्रता फेरी पुढच्या महिन्यात हाय," भाऊ म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "गुजरातेत. कॅडी घेतलाय, तिथलाच."

"बरं."

"चार दिवस हाय."

"बरं."

तिकडे रस्त्याचा आवाज येत होता.

"सुट्टी मिळंल का तुला?"

"काढतो."

"दोरीच्या बाहेर उभं राहायचं. लोक राहतात तिथं. आत यायचं न्हाई. बॅगेला हात लावायचा न्हाई."

"नाही लावणार."

"आन मी कसाबी मारला तरी तोंड पाडून उभं राहायचं न्हाई. मला दिसतं."

"बरं."

फोन त्यानंच ठेवला. मी टॉवेल खांद्यावर घेऊन तसाच उभा होतो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणाले भाऊजी?"

"ये म्हणाला."

"मग मिटलं म्हणायचं."

"तसं काही म्हणाला नाही," मी म्हटलं, आणि सुट्टीचा अर्ज लिहायला कागद शोधायला लागलो.